डॅशबोर्डमागचा वारा

जुलैमधला ताम्हिणी घाट. गाडीत आम्ही पाच जण, बाहेर धो धो पाऊस, आणि दोन वळणं होईपर्यंत समोरची काच आतून पांढरी झाली. मागून कुणीतरी फडकं पुढे केलं. गाडी चालवणाऱ्या भावाने ते घेतलं नाही. त्याने हवा काचेकडे वळवली, बाहेरची हवा आत घेतली आणि एसी लावला. ‘‘अरे, एवढ्या गारठ्यात एसी कशाला?’’ आई म्हणाली. त्यावर त्याने तापमानाचा खटका लाल बाजूला फिरवला. मिनिटभरात काच खालून वर स्वच्छ होत गेली, आणि गाडीत ऊबही आली.

एसी चालू आणि हवा मात्र कोमट, हे कसं? एवढं उलगडलं की डॅशबोर्डमागची निम्मीअधिक यंत्रणा कळते.

वायपरच्या खाली काळी प्लास्टिकची जाळी असते. गाडी धावताना वारा काचेच्या पायथ्याशी येऊन दाटतो, म्हणून हवा आत घेण्याची जागा तिथे. पुढे एक झडप आहे: बाहेरची हवा घ्यायची की आतलीच फिरवायची, हे ती ठरवते. मग फिल्टर, मग ब्लोअरचा पंखा, आणि त्यानंतर मेकॅनिक जिला कूलिंग कॉइल म्हणतात ती बारीक पत्र्यांची जाळी. गंमत अशी, की बहुतेक गाड्यांत सगळी हवा या गार कॉइलमधूनच जाते. तिच्या पुढे हीटरची छोटी जाळी असते, त्यात इंजिनाचं ८०-९० अंशांचं पाणी खेळतं. लाल-निळा खटका फिरवला की मधली झडप हलते, आणि गार झालेल्या हवेतली किती हीटरवरून न्यायची ते ठरतं. ऑटोमॅटिक एसी असलेल्या गाडीत हेच काम छोटी मोटर करते. आतलं तापमान, बाहेरचं तापमान आणि डॅशबोर्डवर पडणारं ऊन, यांचा हिशेब ती यंत्रणा सतत करत असते.

आधी गार करायची आणि मग गरम करायची, हा उलटा कारभार वाटतो. पण काच साफ होते ती त्यामुळेच. पावसाळ्यात ३० अंशांच्या दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे २७ ग्रॅम पाण्याची वाफ असू शकते. तीच हवा ५ अंशांपर्यंत गार केली, तर तिच्यात जेमतेम ७ ग्रॅम मावते. उरलेलं पाणी कॉइलवर थेंब होऊन बसतं आणि नळीवाटे रस्त्यावर गळतं. उभ्या गाडीखाली साचलेलं ते स्वच्छ पाणी पाहून लोक घाबरतात. घाबरायला हवं ते पाणी गळायचं थांबलं तर. नळी तुंबली की तेच पाणी पायाखालच्या गालिच्यात मुरतं आणि कुबट वास सुटतो. तर कॉइलवर कोरडी झालेली हवा हीटरवरून पुढे गेली, की ती ओल टिपून घ्यायला तहानलेली असते.

कॉइलमधला गारवा येतो गॅसमधून. आपल्याकडच्या अनेक गाड्यांत आर-१३४ए असतो. मोकळ्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंशांनाच उकळतो, आणि उकळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. कॉम्प्रेसर ही वाफ दाबतो, रेडिएटरपुढचा कंडेन्सर तिची उष्णता बाहेर टाकून तिचा पुन्हा द्रव करतो, आणि बारीक छिद्राच्या व्हॉल्व्हमधून तो द्रव परत कॉइलमध्ये येतो. गॅस इंधनासारखा जळत नाही, तो फिरत राहतो. माझ्या गाडीत एका गॅरेजने लागोपाठ तीन उन्हाळे गॅस भरून दिला. गळती कुठे आहे हे कुणी पाहिलंच नाही. चौथ्या वर्षी दुसऱ्या कारागिराने सांध्यातली एक रबरी रिंग बदलली, आणि काम संपलं.

ही सगळी सोय एका दिवसात आली नाही. अमेरिकेत १९४० च्या पॅकार्डमध्ये कारखान्यातूनच एसी मिळू लागला, तेव्हा त्याची कॉइल डिकीची बरीच जागा खात असे, आणि एसी कायमचा बंद करायला बोनेट उघडून पट्टा काढावा लागे. आपल्या काळी-पिवळी पद्मिनीला तर पुढच्या दारात तिकोनी काच होती. ती तिरकी केली की वारा थेट अंगावर यायचा. मुंबईच्या उकाड्यात त्या काचेने किती जणांना दिलासा दिला असेल! पण हवा आत आणायची तर तिला बाहेरची वाटही हवी. १९६४ मध्ये फोर्डने कॉर्टिना गाडीच्या मागच्या खांबांत हवेसाठी वाट ठेवली, आणि काचा बंद ठेवूनही वारा खेळू लागला. आताच्या बऱ्याच गाड्यांत ती वाट मागच्या बंपरआड असते. डेंटिंगवाल्याकडे बंपर काढलेला असताना मी ती पाहिली: तळहाताएवढी चौकट, तिच्यात पातळ रबराचे पापुद्रे. फुंकर मारली की ते एकाच बाजूला उघडतात. दार लावताना कोंडलेली हवा तिथूनच निसटते.

आतलीच हवा फिरवली की गारवा लवकर येतो, हे खरं. उन्हात तापलेल्या गाडीला ते उपयोगी, बोगद्यातल्या धुरातही. पण चार माणसं बसलेल्या बंद गाडीत बाहेरची हवा येत नसेल, तर कार्बन डायऑक्साइड चढत जातो आणि डोळे जड होतात. पुणे-मुंबई रस्त्यावर रात्री गाडी हाकणाऱ्याने दर थोड्या वेळाने ती झडप बाहेरच्या हवेकडे वळवावी.

आणि पावसाळ्याआधी एवढं कराच: बहुतेक गाड्यांत ग्लव्हबॉक्स खाली उतरवला की मागे फिल्टर सापडतो. तो उपसून उजेडात धरा. घरातल्या लहान मुलांच्या नाकात जाणारी हवा त्यातूनच येते.