दीर्घ श्रवणासाठी हेडफोन : ध्वनीइतकीच गादीही महत्त्वाची

कानावरील कपांची मागील बाजू बंद असलेले हेडफोन पंख्याचा व रस्त्याचा आवाज बऱ्याच अंशी बाहेरच अडवतात. त्यामुळे घरात हळू आवाजातही संगीतातील बारकावे ऐकू येतात. हा लाभ मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास सुरक्षित मानला जातो. ९० डेसिबलला ही मर्यादा अवघी ४ तास आहे.

मात्र तासन्‌तास ऐकायचे तर निवड बहुधा गादीवर ठरते. बेयरडायनॅमिकचा ‘डीटी ७७० प्रो’ सुमारे २७० ग्रॅमचा, तर ऑडिओ-टेक्निकाचा ‘एटीएच-एम५०एक्स’ २८५ ग्रॅमचा. वजनातील हा फरक नगण्य. पण पहिल्याची गादी मखमली, दुसऱ्याची कृत्रिम चामड्याची. दमट हवेत चामड्याखाली कान घामेजतात, मखमल त्या मानाने सुसह्य. चष्म्याची काडी गादी व त्वचा यांत फट पाडते आणि खर्जाचे स्वर क्षीण होतात. हा दोष अनेकदा हेडफोनच्या माथी मारला जातो. म्हणून चष्मा लावूनच, किमान अर्धा तास हेडफोन वापरून पाहावा. दुकानातील दोन मिनिटांत टाळूवरचा दाब जाणवत नाही. गाद्या झिजतात, त्या सुट्या मिळतात का, हेही विचारावे.