रिकामा महिना आणि शून्याचा महिना



चालकांनी विषय विचारला तेव्हा "आलेखातली रिकामी जागा" असे मी सांगितले, आणि मी थट्टा करतो आहे असे त्यांना वाटले. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. आलेख वाचायला मी शिकलो तो वाटाघाटींच्या टेबलावर, आणि तोही एकदा फसल्यावर.

एका कारखान्यात पगारवाढीचा करार व्हायचा होता. वाढ उत्पादनाशी जोडलेली. मालकपक्षाने वर्षाच्या उत्पादनाचा आलेख भिंतीवर दाखवला. रेघ बरी चालली होती, पण ऑगस्ट-सप्टेंबरला ती थेट तळाला जाऊन पुन्हा वर आली होती. "बारा महिन्यांची सरासरी ७५० नग," साहेब म्हणाले. (आकडे सांगण्याच्या सोयीसाठी गोल केले आहेत.) आम्ही मान डोलावली आणि सह्या केल्या. पुढे कधीतरी मस्टर चाळताना ध्यानात आले, की त्या दोन महिन्यांत दोन्ही पाळ्या भरलेल्या होत्या. ओव्हरटाइमसुद्धा झाला होता. मोजणीची संगणक-व्यवस्था बदलली जात होती, म्हणून नगांची नोंदच झाली नव्हती. रिकामा रकाना शून्य धरला गेला. दहा महिन्यांचे ९,००० नग बाराने भागले तर ७५० येतात, दहाने भागले तर ९००. आता, त्या दोन महिन्यांतही नऊ-नऊशेच निघाले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. किती निघाले ते कोणालाच ठाऊक नाही. पण शून्य खास नव्हते.

शून्य म्हणजे मोजले आणि काही निघाले नाही. रिकामे म्हणजे मोजलेच नाही. हा भेद केवढा मोठा आहे, ते २०२० सालच्या एप्रिल महिन्यात साऱ्या देशाला दिसले. टाळेबंदी हा आम्हा युनियनवाल्यांचा जुना शब्द. मालकाने दाराला लावलेले कुलूप, एवढाच त्याचा अर्थ. त्या वर्षी तो सरकारी झाला. बहुतेक कारखाने बंद होते, आणि उत्पादनाचा निर्देशांक काढताना अनेकांकडून "उत्पादन नाही" असे उत्तर आले. हे खरे शून्य होय. ते आलेखात दिसलेच पाहिजे. सरकारने मात्र सोबत बजावले, की हा आकडा आधीच्या महिन्यांशी ताडून पाहणे योग्य नाही.

किमतींचे तसे नव्हते. भाजी, तेल, डाळ विकली जात होती, त्यांना भाव होता. पण भाव टिपणारा माणूस बाजारात जाऊ शकत नव्हता. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने १९ मार्च २०२० पासून प्रत्यक्ष जाऊन भाव टिपण्याचे काम थांबवले होते. एप्रिल आणि मे महिन्यांचा ग्राहक किंमत निर्देशांक त्यामुळे वेळेवर पुरा निघाला नाही. पुढे जुलैमध्ये, जूनच्या आकड्याबरोबर, त्या दोन महिन्यांचे अंदाजाने भरलेले आकडे दिले गेले, आणि ते अंदाजाचे आहेत असे स्पष्ट सांगितले गेले. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीने ऑगस्टमध्ये काय ठरवावे? धोरणाच्या कामापुरता तो मालिकेतला खंड समजावा, असे. एवढ्या मोठ्या बँकेला खंड मानायला लाज वाटली नाही!

मग असा महिना काढावा कसा? रेघेचा आलेख असेल तर रेघ तिथे तोडावी आणि महिन्याची जागा मोकळी सोडावी. जागाच काढून टाकली, तर मार्चला जून येऊन चिकटतो आणि तीन महिन्यांची चढण एका महिन्यात झाल्यासारखी दिसते. दोन टोके सरळ रेघेने जोडली, तर मधले महिने कोणी मोजले असा भास होतो. अंदाजाचा आकडा घालायचाच असेल तर ठिपक्यांची रेघ काढावी आणि खाली तसे लिहावे. उभ्या पट्ट्यांच्या आलेखात तर जास्तच सांभाळावे लागते, कारण शून्य उंचीची पट्टी आणि नसलेली पट्टी डोळ्यांना सारखीच दिसतात. तिथे खऱ्या शून्याच्या जागी "०" लिहावे, आणि न मोजलेल्या जागी तिरप्या रेघा मारून "नोंद नाही" असे लिहावे. यात गणित काही नाही, पेन्सिल पुरते.

आमचे साहेब म्हणत, भोक पडलेला आलेख संचालकांपुढे बरा दिसत नाही. त्यांचेही खोटे नव्हे. नोंद का नाही, हा प्रश्न मग त्यांनाच विचारला जातो, आणि माझ्या मते भोक बुजवण्याची घाई बहुतेक वेळा तेवढ्यासाठीच असते.

पुढच्या करारात आम्ही एक कलम घातले: ज्या महिन्याची नोंद नाही तो सरासरीत धरायचा नाही, आणि नोंद का नाही ते आलेखाखाली लिहायचे. त्या दोन ओळींवर दीड तास वाद झाला. आधीच्या कराराचे गेलेले पैसे मात्र परत आले नाहीत. सही आमचीच होती.