लष्करी सेवेतून निवृत्त झालेल्या ट्रकच्या ट्रेलर-हुकाची उंची : एक यांत्रिक विवेचन

प्रस्तावना :

अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात दोन भिन्न जगांतील वाहने एकाच रस्त्यावर धावतात. शहरालगत चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र, यांत्रिक पायदळाचे केंद्र आणि वाहननगर येथील वाहन संशोधन व विकास संस्था असल्याने लष्करी ट्रक हे येथील नित्याचे दृश्य आहे. दुसरीकडे, १९५० च्या सुमारास प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे गळीत हंगाम म्हणजे उसाच्या ट्रेलरांची रांग हे समीकरणच होऊन बसले. ही दोन जगे एकमेकांना जोडायची झाल्यास पहिली अडचण येते ती अगदी साधी, म्हणजे ट्रकचा हूक उंच आणि ट्रेलरची दांडी खाली.

लष्कराने सेवेतून कमी केलेली वाहने लिलावाद्वारे नागरी वापरात येतात. जर्मनीच्या 'मान' कंपनीच्या आराखड्यावर जबलपूर येथे १९५९ पासून तयार झालेला शक्तिमान हा त्यांतील सर्वपरिचित ट्रक होय. अशा ट्रकचा हूक उंच असतो, तो निष्काळजीपणाने नव्हे. मोठी चाके, जमिनीपासून अधिक अंतर आणि नाल्यातून वर चढताना मागील भाग टेकू नये ही गरज यांतून ती उंची ठरते. त्याने ओढावयाच्या तोफा व ट्रेलरही त्याच उंचीला अनुरूप घडविलेले असतात. नागरी ट्रेलर मात्र तसा नसतो.

तफावतीचे परिणाम :

दांडी आडवी न राहता ट्रककडे चढती राहिली, तर ओढ दांडीच्या दिशेने, म्हणजे तिरकी जाते. ओढताना ट्रकचा मागील भाग खाली खेचला जातो व ट्रेलरचे तोंड वर उचलले जाते. खरा धोका ब्रेक लावताना उद्भवतो. मागून रेटणारा ट्रेलर दांडीमार्फत ट्रकचा मागील भाग वर ढकलतो. दांडी दोन मीटर लांब व दोन टोकांच्या उंचीत ३० सेंटिमीटर फरक धरल्यास, १,००० किलो रेट्यापैकी सुमारे १५० किलो बल ट्रकला उचलण्यात जाते. ट्रक रिकामा असेल तर त्याची मागील चाके आधीच हलकी असतात. इमामपूर किंवा करंजीच्या घाटातील उतारावर त्यांची पकड सुटली, तर ट्रक व ट्रेलर कात्रीसारखे दुमडतात. अशा वेळी समोरून दुचाकीवर येणाऱ्या माणसाला बाजूला होण्यास जागाच उरत नाही.

एकआसी ट्रेलरमध्ये दोष वेगळा आहे. तोंड वर गेले की भार मागे सरकतो, हुकावरील वजन घटते आणि वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो.

हूक खाली आणण्याची रीत :

वेल्डिंगच्या दुकानात याचे उत्तर ठरलेले असते : एक जाड पट्टी खाली सोडा आणि तिच्या टोकाला हूक लावा. पट्टी जाड असली की काम मजबूत झाले, हा समज मात्र अपुरा आहे. मूळ हूक चासीच्या पातळीत असल्याने ओढ सरळ दोन्ही लांब बीममध्ये उतरते. तोच ३० सेंटिमीटर खाली नेला, तर २,००० किलो ओढीमुळे मागील आडव्या बीमवर ६०० किलोमीटर नव्हे, ६०० किलोग्रॅम-मीटर एवढे पीळ देणारे आघूर्ण येते (विद्यार्थी या एककात हमखास चुकतात, म्हणून हा खुलासा). बोल्टच्या दोन ओळींत १५ सेंटिमीटर अंतर असेल, तर केवळ या आघूर्णापोटी खालच्या ओळीवर ४,००० किलो ताण येतो. प्रत्यक्ष ओढीचा वाटा त्याहून वेगळा. ब्रेक लावताच दिशा उलटते व वरची ओळ ताणली जाते. एका फेरीत असे शेकडो वेळा घडते. बोल्ट एका झटक्याने तुटत नाही, तो थकतो.

म्हणून पट्टीच्या खालच्या टोकापासून पुढे दोन्ही लांब बीमपर्यंत तिरके आधार देणे अनिवार्य ठरते. त्यामुळे पीळ आडव्या बीमवर न राहता चासीत वाटला जातो. हे आधार बीमच्या उभ्या बाजूस बोल्टने जोडावेत. वरच्या वा खालच्या पाकळीस छिद्र पाडू नये, कारण वाकताना सर्वाधिक ताण तेथेच असतो. उच्च ताकदीच्या पोलादावर केलेले वेल्डिंग सभोवतालच्या धातूचा गुणधर्म बदलते आणि भेग बहुधा त्या कडेलाच सुरू होते.

उंची मोजताना होणारी एक चूक आवर्जून नोंदवावीशी वाटते. लष्करी ट्रकचे पाटे कडक असतात. रिकामा असताना त्याची मागील बाजू वर राहते आणि भरल्यावर बसते. त्यामुळे माप नेहमीच्या भारासह, सपाट जमिनीवर घ्यावे. शक्य तेथे एकाहून अधिक छिद्रांची, उंची बदलता येणारी पट्टी अधिक सोयीची.

या बदलाची किंमतही आहे. हूक मागील चाकाच्या टेकण्याच्या बिंदूपासून दीड मीटर मागे धरल्यास, ९० सेंटिमीटर उंचीवर मागील चढ-कोन सुमारे ३१ अंश असतो. ६० सेंटिमीटरवर तो २२ अंशांपर्यंत उतरतो. शेतातून बांध ओलांडून डांबरी रस्त्यावर येताना हाच हूक प्रथम जमिनीत रुतेल. ज्या गुणासाठी हा ट्रक घेतला, तोच काही अंशी गमवावा लागतो. ट्रेलर एकच असेल तर ट्रकला हात न लावता ट्रेलरची दांडी उंच करून घेणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

कायद्याची बाजू :

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारास मनाई आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. सदर अधिनियमाच्या व्याख्येत ट्रेलरही मोटार वाहनच असल्याने दांडी बदलली तरी प्रश्न सुटत नाही. म्हणून प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे विचारणा पट्टी कापण्यापूर्वी करावी. अनुमती मिळून काम झाल्यावर पहिल्या भरलेल्या फेरीनंतर सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत, आणि जोडाजवळील रंगाला बारीक तडा दिसताच ट्रेलर सोडवून ठेवावा. रंगाखालची भेग बहुधा त्याआधीच सुरू झालेली असते.