डिस्कची दुसरी प्रत

लॅपटॉप जप्त झाला की पंचनाम्यात मॉडेल आणि सीरियल नंबर उतरवतात, पंच सह्या करतात, लाखेचं सील लागतं. पण पुरावा असतो आतल्या नोंदींत, आणि तिथे लाख पोहोचत नाही. नोंदींचं सील म्हणजे हॅश व्हॅल्यू. डिस्कमध्ये नवं काही लिहिलं जाणार नाही अशा रीतीने ती जोडून सगळ्या नोंदींवर गणित चालवलं, की एसएचए-२५६ पद्धतीत ६४ अंक-अक्षरांची एक ओळ निघते. एखाद्या पत्रातला स्वल्पविराम हलला तरी ती ओळ पार बदलते. ती जप्तीच्या जागीच पंचनाम्यात यावी, ही डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्यांची मागणी रास्तच आहे. मात्र तेवढ्यावर थांबणं धोक्याचं आहे, आणि ज्याचे आरोपी नवी मुंबईच्या तळोजा कारागृहात वर्षानुवर्षं राहिले त्या भीमा-कोरेगाव प्रकरणातच ते दिसतं.

या प्रकरणातले आरोपी रोना विल्सन यांच्या घराची झडती १७ एप्रिल २०१८ला झाली. बचाव पक्षाला पुढे डिस्कची क्लोन कॉपी मिळाली आणि ती अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगने तपासली. फेब्रुवारी २०२१मधल्या अहवालानुसार जून २०१६मध्ये एका ईमेलमधून नेटवायर हे घुसखोर सॉफ्टवेअर शिरलं आणि आरोपांचा आधार असलेली पत्रं लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवली गेली. ती पत्रं वर्डच्या २०१० किंवा २०१३ आवृत्तीतून पीडीएफ झालेली. विल्सन यांच्याकडे होती २००७ची. त्यांच्या संगणकावर ती कधी उघडल्याची खूणही नाही. हे खरं असेल, तर सगळं जप्तीआधीच घडलं होतं. झडतीच्या दिवशी काढलेली हॅश व्हॅल्यू अगदी बिनचूक जुळली असती आणि पेरलेल्या पत्रांनाही अस्सलपणाचा शिक्का मिळाला असता.

हा अहवाल दोषारोपपत्राचा भाग नाही, असं तपास करणाऱ्या एनआयएने न्यायालयात सांगितलं. तो बचाव पक्षासाठी केलेला आहे, हेही खरं. म्हणून तो डोळे झाकून मानावा असं मी म्हणत नाही. सरकारी तज्ज्ञांनी तीच डिस्क तपासून त्यातली चूक दाखवावी. पण असा वाद होण्यासाठी दोन्ही बाजूंकडे प्रत हवी आणि ती लवकर हवी. तपासाची गुपितं फुटतील, ही भीती इथे टिकत नाही. डिस्क आरोपीचीच आहे. त्यात पोलिसांचं गुपित कुठून येणार? १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३मधल्या इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू आली, पण प्रत द्यायचं बंधन त्या कलमात नाही. उशीर किती महाग पडतो, हे तळोज्याने पाहिलं आहे. विल्सन आणि सहआरोपी सुधीर ढवळे यांना जानेवारी २०२५मध्ये जामीन मिळाला, तेव्हा अटकेला साडेसहा वर्षं उलटूनही आरोपनिश्चिती झाली नव्हती. याच प्रकरणातले आरोपी स्टॅन स्वामी कच्चे कैदी असतानाच ५ जुलै २०२१ला गेले. त्यांच्या संगणकाचा आर्सेनलचा अहवाल आला डिसेंबर २०२२मध्ये.