एकेका रक्तपेशीचा माग

चिरफाड न करता जिवंत माणसाच्या रक्तवाहिन्या थेट पाहता येतात, त्या डोळ्याच्या पडद्यावर. मात्र त्यांतलं वाहणं टिपायला सहसा रंग वापरतात. फ्लुओरेसिन हा रंग अडोल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये बनवला. त्याच्या साहाय्याने माणसाच्या पडद्यातला रक्तप्रवाह टिपणारा शोधनिबंध हॅरोल्ड नोव्होट्नी आणि डेव्हिड अल्व्हिस या अमेरिकेतल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी पहिला तपासलेला डोळा खुद्द अल्व्हिस यांचाच.

आजही तपासणी तशीच चालते. थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि हाताच्या शिरेत रंग टोचतात. १०-१५ सेकंदांत तो डोळ्यात पोचतो. कॅमेऱ्यातून निळा प्रकाश आत जातो, रंग हिरवट-पिवळा प्रकाश परत देतो आणि फिल्टर तेवढाच पुढे सोडतो. आधी रोहिण्या उजळतात, मग केशवाहिन्या, शेवटी नीला. मधुमेहाने वाहिनी कमकुवत झाली असेल, तर रंग पाझरताना दिसतो. काहींना मळमळतं; लघवी दिवसभर गडद पिवळी-केशरी होते. तीव्र ॲलर्जी क्वचितच होते, पण तिची औषधं हाताशी ठेवावीच लागतात.

तरी हा रंग असतो रक्तद्रवात. ऑक्सिजन वाहणाऱ्या तांबड्या पेशी त्यात वेगळ्या दिसत नाहीत. केशवाहिनी तर इतकी अरुंद, की पेशीला अंग दुमडून पुढे सरकावं लागतं. संशोधक रॉबर्ट फ्लॉवर यांनी म्हणून रंग पेशीतच भरला. पातळ द्रावणात पेशी फुगते, तिच्या आवरणाला छिद्रं पडतात आणि इंडोसायनिन ग्रीन हा रंग आत शिरतो. द्रावणाची क्षारता पूर्ववत केली, की छिद्रं मिटतात. अशा पेशींचं डोळ्यातलं चित्रण त्यांच्या गटाने २००८ मध्ये मांडलं. पुढे मेरीलँड विद्यापीठात ओसामा सईदी यांच्या गटाने हे तंत्र माणसांवर वापरलं. थोडं रक्त काढायचं, त्यातल्या काही पेशींत रंग भरायचा आणि त्याच व्यक्तीला त्या परत टोचायच्या. अवरक्त प्रकाशात प्रत्येक पेशी ठिपक्यासारखी चमकते. तिचा वेग मोजता येतो, आणि काही पेशी वाटेत थांबून पुन्हा निघतात हेही दिसतं.

नेहमीच्या नेत्ररुग्णालयात हे तंत्र अजून आलेलं नाही. ते संशोधनापुरतं आहे. पण काचबिंदूत रक्तपुरवठ्याचा वाटा किती, हा जुना प्रश्न आता पेशींची हालचाल मोजून तपासता येतो. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. म्हणूनच ती जाण्याआधी काही कळावं यासाठी चाललेल्या या कामाला वेळ आणि पैसा दोन्ही मिळायला हवेत.