संगणकाचा वर्ग आणि मागचा बाक

मराठवाड्यातील एका महाविद्यालयात मी वीस वर्षे माहिती तंत्रज्ञान शिकवीत आलो आहे. ‘ह्या विषयाला जात नसते, यंत्र कोणाची जात विचारीत नाही,’ असे आमच्या प्राध्यापक-कक्षात नेहमी म्हटले जाते. यंत्र विचारीत नाही, हे खरे. परंतु विद्यार्थ्याला यंत्रापर्यंत नेणारी वाट म्हणजे आपली अध्यापनपद्धती. ती वाट कोणाच्या पायांच्या मापाने आखली आहे, हा प्रश्न मला येथे विचारावयाचा आहे. त्यात माझीही झडती आलीच.

रूढ पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. प्राध्यापकाने फळ्यावर प्रोग्रॅम लिहावयाचा, विद्यार्थ्यांनी तो उतरून घ्यावयाचा, प्रॅक्टिकलला तसाच टाइप करावयाचा आणि जर्नलवर सही घ्यावयाची. ह्या पद्धतीने कोण शिकतो? ज्याच्या घरी संगणक आहे, ज्याचे शालेय शिक्षण इंग्रजीत झाले, ज्याने हे सारे आधीच हाताळले आहे, तो. तो पुढच्या बाकावरून भराभर उत्तरे देतो आणि वर्गाला समजले, असे समजून आपण पुढे जातो. मागच्या बाकावरचा मुलगा उतरवून घेत राहतो आणि पहिल्या सहामाहीतच ‘आपले डोके ह्यात चालत नाही’ असा स्वतःविरुद्ध निकाल देऊन मोकळा होतो.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगाला निवेदन दिले. वरच्या वर्गांना शिकविले की शिक्षण आपोआप खाली झिरपेल, ह्या सरकारी धोरणाचा त्यांनी त्यात समाचार घेतला. ते धोरण सरकारी कागदातून गेले असेल, पण आमच्या वर्गात ते अजून नांदते आहे. पुढच्या बाकाला शिकवावयाचे आणि मागे झिरपेल अशी आशा धरावयाची, हीच आमची पद्धत आहे.

मग करावयाचे काय? मी जे करून पाहिले ते सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे समजावण्याची भाषा. व्हेरिएबल म्हणजे डबा, त्यात किंमत ठेवावयाची, असे मी कित्येक वर्षे सांगत होतो. एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, डब्यात एक भाकरी असताना दुसरी ठेवली तर दोन होतात ना?” तिची चूक नव्हती, माझ्या दाखल्याची होती. तेव्हापासून मी पाटी म्हणतो. पाटीवर नवा आकडा लिहावयाचा तर जुना पुसावा लागतो. ‘बेरीज = बेरीज + १’ हे गणितात खोटे ठरणारे विधान मग सरळ होते : पाटीवरचा आकडा वाचा, त्यात एक मिळवा, जुना पुसा, नवा लिहा.

दुसरी गोष्ट, यंत्राआधी कागद. बेरीज ० पासून सुरू होते, क्रमांक १ ते ३ असा फिरतो आणि दर फेरीला बेरजेत मिळविला जातो. वहीत रकाने आखून प्रत्येक फेरीची किंमत लिहावयाची : १, ३, ६. ज्याला हे हाताने लिहिता आले, त्याला लूप समजला. याच जातीची आणखी एक पद्धत न्यूझीलंडच्या पार्सन्स आणि हेडन ह्या अध्यापिकांनी २००६ साली मांडली. बरोबर प्रोग्रॅमच्या ओळी वेगवेगळ्या करून, त्यांचा क्रम मोडून द्यावयाच्या आणि विद्यार्थ्याने त्या जुळवावयाच्या. मी त्या ओळींच्या चिठ्ठ्या करतो. स्पेलिंग आणि स्वल्पविरामाच्या धास्तीतून मूल सुटते व त्याचे लक्ष विचाराच्या क्रमाकडे जाते.

तिसरी गोष्ट, प्रश्न विचारण्याची रीत. हार्वर्डमध्ये पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या एरिक मेझर यांनी १९९१ साली ही रीत सुरू केली. एक प्रश्न आणि चार पर्याय द्यावयाचे; प्रत्येकाने न बोलता आपले उत्तर दाखवावयाचे, मग शेजाऱ्याशी वाद घालावयाचा आणि पुन्हा उत्तर द्यावयाचे. ह्यात पुढच्या बाकाचा एकटा आवाज चालत नाही. साठांपैकी चाळीस जण चुकले, हे शिक्षकाला त्याच मिनिटाला दिसते.

चौथी गोष्ट, लॅब. एका यंत्रावर दोघेतिघे बसतात तेव्हा कीबोर्ड कोणाच्या हाताखाली राहतो, हे जरूर पाहावे. मी नियम केला : एक चालक, एक वाटाड्या, आणि दर पंधरा मिनिटांनी अदलाबदल. प्रथम कुरकुर झाली. परंतु कीबोर्डला कधी हात न लावता पदवी घेऊन जाणे त्यानंतर बंद झाले.

पद्धत बदलली की वर्गाची वस्ती बदलते, ह्याला परदेशातला दाखलाही आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकशास्त्राच्या पदवीला प्रवेश घेणाऱ्यांत १९९५ साली मुली ७ टक्के होत्या. २००० साली त्या ४२ टक्के झाल्या. तेथे प्रवेश देताना पूर्वानुभवाला दिले जाणारे वजन कमी केले गेले आणि ज्यांना अनुभव नाही त्यांच्यासाठी सुरुवातीचा वेगळा मार्ग ठेवला गेला. मुलींची बुद्धी पाच वर्षांत वाढली नव्हती. दार रुंद झाले होते.

आता ऑनलाइन वर्गाविषयी. २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातील ४.४ टक्के कुटुंबांकडेच संगणक होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०२० साली, टाळेबंदी आली आणि सारे शिक्षण पडद्यावर गेले. वर्गात जो मागच्या बाकावर होता, तो आता वर्गाबाहेर गेला.

‘कॅमेरा चालू ठेवा, नाहीतर गैरहजेरी लावीन,’ असे मी बजावले होते. शिस्तीच्या भरात मी ते केले. त्या वर्षी दिवाळीनंतर एक विद्यार्थिनी वर्गातून दिसेनाशी झाली. काही दिवसांनी तिचा निरोप आला : “सर, आम्ही कारखान्यावर ऊसतोडीला आलोय. कोपीत राहतो. फोन बाबांचा आहे, रात्री मिळतो. आमचं घर सगळ्यांनी बघू नये असं वाटतं.”

त्या रात्री मला कळले की, मी हजेरीच्या नावाखाली लोकांच्या घरात डोकावत होतो. कॅमेरा उघडला की वस्ती दिसते, भिंतीवरची तसबीर दिसते, आणि जात सांगावी लागत नाही. जी गोष्ट मुलांनी मोठ्या कष्टाने आपल्या अटींवर सांगावयाची, ती मी सक्तीने वदवून घेत होतो.

मग मी वर्गाची रचना बदलली. तासभर व्हिडिओ चालला की शेकडो एमबी डेटा जातो. तोच पाठ लिहून दिला तर काही केबीत बसतो. पाठ लिहून आणि दहा मिनिटांच्या आवाजी फितीत पाठवू लागलो. वेळेचे बंधन काढले. विद्यार्थ्याने वहीत रकाने आखून सोडविलेल्या उदाहरणाचा फोटो पाठवावयाचा. चूक नेमकी कोणत्या फेरीत झाली तेवढे मी कळवीत असे. प्रत्यक्ष भेटीचा मर्यादित वेळ मात्र वाद, जोडीने काम आणि चुका दुरुस्त करणे ह्यांसाठी राखावा, असे माझे मत आता पक्के झाले आहे. जे वाचून कळते ते दुरून द्यावे, जे सोबत बसूनच कळते ते सोबत बसून.

ती मुलगी पुढच्या वर्षी वर्गात परतली. त्याच काळात गळालेले दोघे परतले नाहीत. त्यांच्या नावांपुढे मी केलेल्या गैरहजेरीच्या खुणा हजेरीपटात अजून आहेत. त्या त्यांच्या नसून माझ्या आहेत.

शिक्षकमित्रांना आणि कार्यकर्त्यांना माझे एवढेच सांगणे आहे : आरक्षणाने आपली मुले प्रवेशाच्या दारापर्यंत पोहोचली, आणि त्यासाठी आपण झगडलो. आता वर्गाच्या आत काय चालते, ह्याचीही विचारपूस करा. महाविद्यालयाला विचारा : कीबोर्ड कोणाच्या हातात असतो? पहिल्या सहामाहीत कोण गळतात? आणि वाट पाहत बसू नका. रकाने आखलेली वही आणि ओळींच्या चिठ्ठ्या ह्यांना वीज लागत नाही, डेटा लागत नाही. वस्तीतल्या समाजमंदिरात चार मुले जमली, तर पहिला लूप येत्या रविवारीही शिकविता येईल.