स्नोबोर्डच्या पोटातलं झाड

चकचकीत रंगांचा, चित्रांनी नटलेला एखादा स्नोबोर्ड करवतीनं मधोमध आडवा कापला, तर आत काय निघेल? वरच्या बाजूला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा दिसेल. त्याखाली काचेच्या धाग्यांचं कापड, तळाला गुळगुळीत प्लास्टिक आणि दोन्ही कडांना पोलादाची बारीक पट्टी. पण मधला, सगळ्यांत जाड थर बहुतेक वेळा लाकडाचा असेल! झाडापासून मिळणारं, सुताराच्या रंध्यानं तासता येणारं साधं लाकूड.

स्नोबोर्ड म्हणजे बर्फाच्या उतारावरून घसरत जायची फळी. स्कीइंगमध्ये प्रत्येक पायाला वेगळी पट्टी, म्हणजे स्की, बांधतात. इथे दोन्ही पाय एकाच फळीवर, आणि उभं राहायचं आडवं, खांदा उताराकडे करून. आपल्याकडे काश्मीरमध्ये गुलमर्गला हा खेळ चालतो. ऑलिंपिकमध्ये तो पहिल्यांदा आला १९९८ साली, जपानमधल्या नागानो इथल्या स्पर्धांत.

त्याच्या किती तरी आधी, १९६३ साली, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात टॉम सिम्स नावाचा मुलगा आठवीत होता. त्याला स्केटबोर्डचं वेड! पण हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ साचायचा आणि चाकं फिरेनाशी व्हायची. मग काय, शाळेतल्या सुतारकामाच्या तासाला त्यानं चाकांशिवायचा बोर्ड बनवायला घेतला. लाकडाची फळी, वर पाय सरकू नयेत म्हणून चिकटवलेला गालिच्याचा तुकडा आणि खाली घसरण्यासाठी ॲल्युमिनियमचा पत्रा. मला ही गोष्ट फार आवडते, कारण यातली प्रत्येक वस्तू कशासाठी आहे ते तुम्हीही सांगू शकाल. हाच टॉम मोठेपणी स्नोबोर्ड बनवणारा नामवंत कारागीर झाला.

दोनच वर्षांनी, १९६५च्या नाताळच्या दिवशी, मिशिगन राज्यातल्या मस्किगन गावात शर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की शेजारी शेजारी जोडल्या. मुली त्यावर उभ्या राहून टेकडीवरून सुटल्या आणि बघता बघता गल्लीतल्या सगळ्या पोरांना तसलीच फळी हवी झाली. तिचं नाव पडलं स्नर्फर. पुढे बोलिंगचं सामान बनवणाऱ्या ब्रन्सविक कंपनीनं ती वाकवलेल्या लाकडाची बनवून विकायला काढली. पुढच्या टोकाला धरायला दोरी होती, पाय बांधायला मात्र काहीच नव्हतं.

असाच एक स्नर्फर जेक बर्टन कार्पेंटर याला चौदाव्या वर्षी मिळाला. १९७७ साली व्हरमाँट राज्यात त्यानं स्वतःचे बोर्ड बनवायला सुरुवात केली. शंभरेक नमुने त्यानं करून पाहिले. वाफेवर वाकवलेलं अखंड लाकूड, काचतंतू, एकावर एक चिकटवलेले लाकडाचे थर, सगळं काही. सुरुवातीला त्यानं विकलेले बोर्ड होते याच चिकटवलेल्या थरांचे, आणि त्यावर पाय अडकवायला पट्टा.

आता खरा प्रश्न. इतके नवे नवे पदार्थ हाताशी असताना लाकूडच का?

झाडाचं आयुष्य आठवा. शेकडो किलोंचा पसारा डोक्यावर घेऊन ते उभं राहतं. वारा आला की वाकतं, वारा गेला की पुन्हा सरळ. वर्षानुवर्षं, हजारो वेळा. बोर्डालाही हेच करायचं असतं! उंचवट्यावर वाकायचं, लगेच सरळ व्हायचं, आणि दिवसभर हे करूनही थकायचं नाही. सूक्ष्मदर्शकातून लाकूड पाहिलं, तर खराट्याच्या काड्यांच्या जुडीसारख्या बारीक, लांबट, पोकळ पेशी एकमेकींना चिकटून उभ्या दिसतात. पेशींच्या भिंतींत सेल्युलोजचे चिवट तंतू असतात, त्यांना घट्ट धरून ठेवणारा पदार्थ म्हणजे लिग्निन. पेशी आतून पोकळ, म्हणून वजन कमी. तंतू लांब, म्हणून ताकद भरपूर. शिवाय खडबडीत बर्फावर बसणारे हादरे लाकूड बरेचसे जिरवून टाकतं, पायापर्यंत कमी पोचू देतं.

प्रत्येक झाडाचा स्वभाव मात्र वेगळा. मेपलचं लाकूड जड आणि टणक. पॉप्लर हलकं आणि लवचीक. पॉलोनिया तर इतकं हलकं की त्याचं वजन तेवढ्याच पाण्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी भरतं. म्हणून अनेक कारागीर एकाच बोर्डात दोन-तीन झाडं नांदवतात. जिथे पाय बांधायच्या पट्ट्यांचे स्क्रू बसतात आणि जिथे कडांना मार बसतो तिथे टणक लाकूड, बाकी ठिकाणी हलकं. लांब पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवतात, वाळल्या की रंधा मारून हवी ती जाडी आणतात.

ही जाडी म्हणजे सगळ्यांत नाजूक काम. पट्टीची जाडी दुप्पट केली की ती वाकवायला दुप्पट नव्हे, आठपट जोर लागतो! दोनाचा घन आठ, तुम्ही शिकलाच असाल. त्यामुळे अर्धा मिलिमीटर जास्त तासला गेला तरी बोर्डाचा स्वभाव बदलतो. पायांखाली लाकूड जाड ठेवतात आणि दोन्ही टोकांकडे ते निमुळतं करत अगदी पातळ करतात. टोकं सहज वाकतात, मधला भाग ताठ राहतो.

बोर्ड मध्ये कमरेपाशी थोडा अरुंद असतो, तेही विनाकारण नाही. बोर्ड एका कडेवर कलला की ती आत वळलेली कड बर्फावर टेकते, बोर्ड वजनानं वाकतो आणि कमानीसारखी रेघ ओढत आपोआप वळतो. नॉर्वेच्या टेलेमार्क भागातले, १८२५ साली जन्मलेले सोंद्रे नूरहाइम यांनी लाकडी स्कींना अशी कमर दिली, तेव्हापासून वळणं घेणं सोपं झालं. तेव्हा हातात होती फक्त लाकूड कोरायची हत्यारं. म्हणून मला या माणसाचं फार कौतुक वाटतं.

आजही काही सुतार बर्फवेडे असतात आणि काही बर्फवेडे सुतार होतात. घरामागच्या शेडमध्ये ते स्वतःचा बोर्ड बनवतात. त्यातला एक प्रकार तर पाय बांधायच्या पट्ट्यांशिवायचा, आणि अनेकदा पोलादी कडांशिवायचाही. नुसती लाकडाची फळी! तिला पाउसर्फर म्हणतात. ताज्या, भुसभुशीत, खोल बर्फातच ती खरी चालते. टणक बर्फावर तिची कड पकड घेत नाही. लाकूड पाणी पितं, म्हणून तळाला पॉलिशचे हात देऊन वर मेण घासावं लागतं. तुर्कस्तानात काळ्या समुद्राजवळच्या डोंगरात पेत्रान नावाचं गाव आहे. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या साध्या लाकडी फळीवर उभी राहून, एका हातात दोरी आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन उतार उतरत आली आहेत.

आता राहिलं ते फळीचं वर वळलेलं नाक. ते नसेल तर फळी सरळ बर्फात घुसेल. लाकूड वळवायचे दोन मार्ग आहेत. पहिला वाफेचा. उकळत्या पाण्याच्या वाफेनं लिग्निन मऊ होतं, लाकूड तेवढ्या वेळात साच्यावर वाकवायचं, थंड झालं की आकार बराचसा टिकतो. दुसरा मार्ग थरांचा. पातळ पापुद्रे गोंद लावून एकावर एक रचायचे, वळणदार साच्यावर दाबून क्लॅम्पनी आवळायचे आणि वाट बघायची.

हा दुसरा मार्ग तुम्ही घरीच करून बघा. जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाच्या, दोन बोटं रुंद अशा दहा सारख्या पट्ट्या कापा. पाच पट्ट्या एकमेकींवर पूर्ण गोंद लावून चिकटवा. ओल्या असतानाच पोह्यांच्या डब्याच्या गोलाईवर दाबून रबर बँडनी घट्ट बांधा. उरलेल्या पाच गोंद न लावता तशाच दुसऱ्या डब्याला बांधा. एक दिवस थांबा, मग दोन्ही सोडा.

बिनगोंदाच्या पट्ट्या बऱ्याचशा सरळ होतील. गोंदाच्या पट्ट्यांची मात्र कमान होऊन राहील. वाकताना बाहेरच्या थराला आतल्यापेक्षा जास्त लांब वाट चालावी लागते, म्हणून थर एकमेकांवरून किंचित सरकतात. सरकलेल्या जागीच गोंद त्यांना पकडून ठेवतो, मागे जाऊ देत नाही. आता कमान बोटानं दाबून बघा, आणि सुट्या पाच पट्ट्या एकत्र धरून त्याही दाबा. गणितानं पाहिलं तर चिकटवलेली कमान पंचवीसपट ताठ असायला हवी, कारण पाच सुटे थर म्हणजे एका थराच्या नुसता पाचपट ताठपणा आणि चिकटलेले पाच थर म्हणजे पाचाचा घन, १२५. तुमच्या कागदाला गोंद किती नीट लागलाय, त्यावर खरा आकडा ठरेल. सहा थर करून बघितलेत तर फरक किती पट येईल, ते आधी वहीत मांडा आणि मगच कात्री हातात घ्या.